मरळ : ओळख आणि मासेमारीचे नियम

दरवर्षी १ जूनला राज्याच्या किनाऱ्यावरील यांत्रिक नौका शाकारल्या जातात आणि ३१ जुलैपर्यंत पापलेट, सुरमई, बांगड्याची ताजी आवक जवळजवळ थांबते. शहरांतील मासळी बाजार मात्र या दोन महिन्यांत ओस पडत नाही. बर्फातल्या समुद्री मासळीच्या शेजारी पाण्याने भरलेले टब आणि पिंपे दिसू लागतात. त्यांत काळपट रंगाचे, लांबोडके, सापासारख्या डोक्याचे मासे संथपणे हालचाल करीत असतात. हीच मरळ. तिची मागणी बारमाही असली, तरी आषाढात ती विशेष वाढते. श्रावण पाळणाऱ्या घरांत त्याआधीची कसर भरून काढण्याची घाई असते आणि समुद्र बंद असल्याने नजर नदी-तलावांकडे वळते.

समुद्रातील बंदी ही माशांच्या विणीसाठी असते, हे आता सर्वसामान्य ग्राहकालाही ठाऊक आहे. त्याच पावसात गोड्या पाण्यातील बहुसंख्य मासेही विणीला आलेले असतात, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. मरळीच्या बाबतीत हे दुर्लक्ष अधिक महाग पडते, कारण तिची वीण ज्या पद्धतीने होते, तीच तिला या दिवसांत सर्वांत सहज सापडणारा मासा बनवते. तेव्हा मरळ कशी ओळखावी आणि तिच्या मासेमारीला कोणते नियम लागू होतात, हे दोन्ही विषय एकत्रच पाहावे लागतात.

<b>एक नाव, अनेक जाती</b>

मरळ या एका नावाखाली आपल्याकडे तीन-चार वेगवेगळ्या जातींचे मासे धरले आणि विकले जातात. शास्त्रीय वर्गीकरणात त्या सर्व ‘चन्ना’ या प्रजातीत मोडतात. या कुळाची ओळख पटवणे अवघड नाही. अंग दंडगोल आणि लांबट, डोके वरून चपटे व मोठमोठ्या खवल्यांनी झाकलेले, तोंड रुंद आणि दात असलेले, खालचा जबडा किंचित पुढे आलेला. पाठीवरचा पर डोक्यामागे थोड्या अंतरावर सुरू होतो आणि शेपटीजवळपर्यंत अखंड जातो. पोटाकडचा गुदपरही असाच लांब असतो. या परांत कोठेही टोचणारा काटा नसतो, आणि शेपटीचा पर गोलसर असतो. रोहू-कटल्याच्या दुभंगलेल्या शेपटीशी तुलना केली की फरक तत्काळ कळतो.

जातींमधील भेद मात्र बारकाईने पाहावे लागतात. सर्वांत मोठी वाढणारी जात म्हणजे ‘चन्ना मरुलियस’. काही भागांत तिला फुलमरळ म्हणतात. नद्यांचे खोल डोह आणि मोठी धरणे हे तिचे घर. ती एक मीटरहूनही अधिक लांब होऊ शकते. शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, नारिंगी कडा असलेला काळा डोळ्यासारखा ठिपका ही तिच्या पिल्लांची आणि तरुण माशांची खूण आहे. वय वाढते तसा हा ठिपका फिका पडतो. अशा वेळी कुशीवरच्या गडद डागांभोवती विखुरलेले पांढरे, मोत्यासारखे ठिपके पाहावेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या माशांची नोंद करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी या माशाला दिलेल्या शास्त्रीय नावाचा अर्थही ‘पांढऱ्या ठिपक्यांचा’ असाच होता. पण त्याआधीच, १८२२ मध्ये, हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात तिचे वर्णन केले होते. प्रथम नोंदलेले नाव ग्राह्य धरण्याच्या नियमानुसार तेच टिकले. या ‘मरुलियस’मध्ये देशी बोलीतली मरळच लपलेली आहे.

दुसरी जात ‘चन्ना स्ट्रायटा’. बाजारात जिवंत विकली जाणारी मरळ पुष्कळदा हीच असते. तळी, बोड्या, भातखाचरे, दलदलीच्या जागा अशा उथळ, गढूळ पाण्यात ती सुखाने राहते. पाठ काळपट-तपकिरी, पोट पांढुरके आणि दोहोंच्या मध्ये कुशीवर तिरके गडद पट्टे. या पट्ट्यांवरूनच तिला शास्त्रीय नाव मिळाले आहे. शेपटीवर डोळ्यासारखा ठिपका नसतो. रंगावर भरवसा ठेवणे मात्र धोक्याचे. पाणी गढूळ असेल किंवा मासा बराच वेळ टबात राहिला असेल, तर पट्टे आणि ठिपके दोन्ही पुसट होतात. खात्री करायची असेल तर कुशीवरच्या मध्यरेषेतील खवले मोजावेत. फुलमरळीत ते सुमारे ६० ते ७० असतात, पट्टेरी मरळीत सुमारे ५० ते ५७. अभ्यासकांचा भर अशा मोजणीवरच असतो. मासेविक्रेत्याला त्याची गरज पडत नाही, त्याची नजर डोक्याच्या ठेवणीवरूनच जात सांगते.

उरलेल्या दोन जाती लहान आहेत. ठिपक्यांची ‘चन्ना पंक्टाटा’ सहसा वीतभर असते आणि फुटाच्या पुढे फारशी जात नाही. चौथी ‘चन्ना गाचुआ’ तर त्याहूनही लहान. ती ओढे, झरे आणि सह्याद्रीतील दगडाळ प्रवाहांत आढळते. तिच्या छातीच्या परांवर गडद पट्ट्यांची नक्षी असते आणि पाठीच्या पराला नारिंगी किनार. कोकणात तिला डाकू म्हणतात, देशावर डोक किंवा ढोक अशी नावे ऐकू येतात. ही नावे गावागणिक बदलतात. एका तालुक्यात मोठ्या माशाला वापरले जाणारे नाव शेजारच्या तालुक्यात लहान जातीला लावलेले आढळते. म्हणूनच नावापेक्षा खुणांवर विसंबणे शहाणपणाचे. याचा व्यवहारात उपयोग असा की, हाती आलेला वीतभर मासा पूर्ण वाढलेला डोक आहे की मोठ्या मरळीचे पिल्लू आहे, हे खुणांवाचून कळत नाही. पहिला धरण्यात फारसे बिघडत नाही. दुसऱ्याला अजून एकदाही विणीची संधी मिळालेली नसते.

ग्राहकाच्या दृष्टीने आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. टबात जिवंत ठेवून विकला जाणारा दुसरा मासा म्हणजे आफ्रिकन मांगूर. देशी जलचरांचा फडशा पाडणाऱ्या या परदेशी माशाच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये त्याविरुद्ध आदेश दिले, आणि त्यानंतर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी त्याची तळी नष्ट करण्यात आली. तरीही तो चोरून विकला जातो. ओळख सोपी आहे. मांगुराच्या अंगावर खवले नसतात आणि तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या असतात. मरळीला खवले असतात, मिशा नसतात. तुकडे करून, कातडी काढून ठेवलेला मासा घेताना मात्र ही परीक्षा करता येत नाही. अख्खा मासा डोळ्यांदेखत कापून घेणे, हाच मार्ग उरतो.

<b>हवेवर जगणारा मासा</b>

मरळ टबातल्या वीतभर पाण्यात तासन्‌तास जिवंत राहते, याचे कारण तिच्या डोक्यात आहे. कल्ल्यांच्या वर असलेल्या एका पोकळीत ती हवा घेते आणि तेथील त्वचेतून प्राणवायू शोषते. कल्ले असूनही तिला वारंवार पृष्ठभागावर यावेच लागते. तिला वर येऊ दिले नाही, तर ती पाण्यात गुदमरते. या सोयीमुळे उन्हाळ्यात तळी आटली तरी पट्टेरी मरळ ओल्या चिखलात तग धरते आणि पहिल्या पावसात ओल्या गवतातून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते.

याच गुणामुळे अमेरिकेत या कुळाची धास्ती घेतली गेली. २००२ मध्ये मेरिलँड राज्यातील क्रॉफ्टन येथील एका तळ्यात चिनी जातीच्या मरळीची वीण आढळली. तळ्यात विष टाकून ती मारण्यात आली आणि त्याच वर्षी अमेरिकी सरकारने या कुळातील सर्व जिवंत माशांची आयात व राज्याराज्यांतील वाहतूक बेकायदा ठरवली. फ्लोरिडात फुलमरळीच्या अगदी जवळची जात कालव्यांत पसरली आहे. तेथे गळाला लागलेला मासा जिवंत बाळगता येत नाही, तो मारावा असेच सांगितले जाते आणि संख्येवर वा आकारावर मर्यादा नाही. तेथे स्थायिक झालेल्या आणि हौसेने गळ टाकणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक असावे. इकडे जपून सोडावा असा मासा तिकडे सोडणे, हीच चूक ठरते.

आपल्याकडे मरळ ही मूळची रहिवासी आहे, आणि तिची कथा नेमकी उलटी आहे. काटे कमी, मांस घट्ट आणि आजाऱ्याला पथ्यकर असा लौकिक, यांमुळे तिला चांगला भाव मिळतो. तेलंगणाने २०१६ मध्ये तिला राज्यमासा म्हणून मान दिला. हैदराबादेत मृगाच्या सुरुवातीला दमेकऱ्यांना औषधासह जिवंत मरळीचे पिल्लू गिळायला देण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. तिला वैद्यकीय आधार नाही, पण गर्दी ओसरलेली नाही.

<b>विणीचे दिवस</b>

रोहू, कटला, मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात लाखोंनी अंडी सोडतात आणि निघून जातात. मरळीचा संसार निराळा. पट्टेरी मरळीची जोडी काठच्या पाणवनस्पतींत थोडी जागा मोकळी करून घरटे तयार करते. अंडी काही हजारच असतात. त्यांत तेलाचा थेंब असल्याने ती पाण्यावर तरंगतात आणि एक-दोन दिवसांत उबून पिल्ले बाहेर येतात. डोक जातीचा नर तर अंडी आणि पिल्ले स्वतःच्या तोंडात सांभाळतो. मोठ्या जातींत आईबाप घरट्याखाली पहारा देतात आणि पिल्ले पोहू लागल्यावरही काही आठवडे त्यांची पाठ सोडत नाहीत.

लालसर-नारिंगी पिल्लांचा हा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर सहज दिसतो. ती हवेसाठी एकदम वर येतात, तेव्हा उकळत्या पाण्यासारखे बुडबुडे उठतात. जाणता कोळी किंवा हौशी गळकरी ही खूण ओळखतो. थव्याजवळ बेडूक किंवा बेडकासारखे आमिष फेकले, की रक्षणासाठी दक्ष असलेली मरळ त्यावर तुटून पडते. तिला भूक असो वा नसो, ती गळाला लागते. काठावर उभे राहून दोन-तीन फेकींत मोठा मासा मिळवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. पण त्याबरोबरच संपूर्ण थवाही गमावला जातो. पाहारेकरी गेल्यावर बगळे, खंड्या, पाणसाप आणि इतर मासे काही तासांतच पिल्लांचा फन्ना उडवतात. रोहूच्या एका मादीची अंडी वाया गेली, तर त्याच पुरात इतर माद्यांची लाखो अंडी असतात. मरळीची अंडीच मोजकी, म्हणून पालकाचा बळी हा त्या वर्षाच्या पिढीचा बळी ठरतो.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पहिल्या पावसात चढणीचे किंवा वलगणीचे मासे धरण्याची जुनी प्रथा आहे. ओढ्याला आलेल्या पाण्याविरुद्ध मासे खाचरांकडे चढू लागतात आणि गावकरी रात्री बत्ती, पाग, टोपल्या घेऊन बाहेर पडतात. या प्रथेत आनंद आहे, गोडवाही आहे. पूर्वी ती एका गावाच्या एका रात्रीपुरती होती. आता त्याच ओढ्यांवर बारीक आसाची नायलॉन जाळी आडवी बांधली जातात, आणि वर चढलेला मासा सहसा खाली परत येत नाही.

<b>नियम काय सांगतात</b>

पहिला गैरसमज येथेच दूर करावा लागतो. जून-जुलैची बंदी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली येते, आणि तो कायदा समुद्रापुरता आहे. राज्याने समुद्री माशांसाठी २०२३ मध्ये किमान कायदेशीर आकार ठरवून दिला, तोही समुद्रापुरताच. नदी, धरण आणि तलाव यांची व्यवस्था वेगळ्या कायद्यांत आहे. ‘बंदी उठली’ किंवा ‘बंदी लागली’ या बातमीचा मरळीशी संबंध जोडता येत नाही.

गोड्या पाण्यातील मासेमारीच्या कायद्याचे मूळ १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमात आहे. स्फोटके वापरून मासे मारणे आणि पाण्यात विष कालवून मासे मारणे, हे दोन गुन्हे त्याने स्पष्ट केले. मूळ कायद्यात त्यांना दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. त्या काळी ती जरब बसवणारी होती, आज हा दंड एका मरळीच्या किमतीतही वसूल होईल. जाळ्याचा प्रकार आणि त्याची आस, प्रवाहात घातलेले बांध, पाण्यात कायम रोवलेले सापळे यांवर निर्बंध घालण्याचे आणि ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचे अधिकारही त्यात प्रांतिक सरकारांना मिळाले. पुढे महाराष्ट्राने १९६० चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. एकोणिसाव्या शतकात आखलेली ही चौकट आजही विषयाचा पाया आहे.

जिलेटिनच्या कांड्या, कीटकनाशके, ब्लीचिंग पावडर, किंवा गेळफळ आणि रामेठ्यासारख्या वनस्पतींचा चेचा टाकून मासे गुंगवणे, हे सर्व याच चौकटीत येते. विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात प्रवाह सोडणाऱ्याला तर २००३ च्या विद्युत कायद्याखालील वीजचोरीच्या गुन्ह्यालाही सामोरे जावे लागते. तो स्वतःच त्या पाण्यात दगावल्याच्या बातम्या पावसाळ्यात अधूनमधून येतच असतात.

विणीच्या काळातील बंदीबाबत राज्याराज्यांत भिन्नता आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट हा नद्या-जलाशयांतील बंद काळ म्हणून पाळला जातो. नागपूर, गोंदियाकडून सीमेपलीकडे गळ घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. महाराष्ट्रात ज्या जलाशयावर मासेमारी करायची, तेथील अटी प्रथम विचाराव्यात, हेच योग्य. राज्यातील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि लहान तलाव जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतात. पाणी सार्वजनिक असले तरी त्यातील मासे ठेकेदार संस्थेचे असतात, ही गोष्ट रविवारी गळ घेऊन निघालेल्या शहरी हौशी माणसाला पुष्कळदा काठावर वाद झाल्यावरच कळते. परवानगी संस्थेकडून घ्यावी. संस्था कोणती, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात समजते. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांच्या हद्दीतील पाण्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. तेथे परवानगीवाचून गळ टाकणे हाच गुन्हा आहे. आमिषासाठी जिवंत बेडूक धरणेही याच कायद्याखाली अंगाशी येऊ शकते.

एवढे नियम असूनही मरळीला त्यांचा पुरता आधार मिळत नाही. जलाशयांच्या सरकारी व्यवस्थेचा सारा भर रोहू, कटला, मृगळ यांचे मत्स्यबीज सोडण्यावर आहे. ठेका, बोटुकलीची संख्या, उत्पादनाचा हिशेब, सगळे त्यांच्याभोवती फिरते. या हिशेबात मरळ ‘भक्षक मासा’ ठरते, कारण ती सोडलेली बोटुकली खाते. मत्स्यशेतीच्या मार्गदर्शक पुस्तिकांत तर तळ्यात बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकून भक्षक मासे काढून टाकण्याचा सल्ला असतो. बंदिस्त शेततळ्यात तो रास्तही आहे. पण हीच दृष्टी गावतळ्यापर्यंत पोहोचली, की पिढ्यान्‌पिढ्या तेथे असलेला देशी मासा परका ठरतो.

याला अपवाद भंडारा-गोंदिया भागात पाहायला मिळतो. तेथील जुन्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाची उपजीविका अवलंबून आहे. बेशरमाच्या झुडपांनी तलावांचे काठ गिळले आणि आतील पाणवनस्पती नाहीशा झाल्या, तसे देशी मासेही कमी झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थांना बरोबर घेऊन बेशरम उपटण्याचे आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम हाती घेतले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे सांगणारे त्यांचे जाणकार म्हणजे समाजातील वृद्ध मासेमारच होते. घरट्यासाठी काठचे गवत लागणाऱ्या मरळीला अशाच तलावात जागा मिळते.